राज्य गुरम्मावर

सोमवार, २ ऑगस्ट १९७६

खेळण्याजोगा खेळ कोणता आणि नुसता वेळ घालवायचा कोणता, हे कशावरून ठरवायचं? मला सांगता येत नाही. पण पुण्याच्या संस्थेनं पाठवलेल्या छापील तक्त्यात सातवं कलम नेमकं तेच आहे, ‘हा खेळ खेळण्याजोगा का आहे?’ आणि त्यापुढे दोन ओळींची कोरी जागा. सकाळपासून मी त्या जागेकडे बघते आहे.

संस्थेला हुतूतू, खो-खो, लगोरी नको आहेत. त्यांना सोंगाचे खेळ हवेत, म्हणजे ज्यात खेळणारा स्वतःचं नाव बाजूला ठेवून दुसराच कुणीतरी होतो. तेही फारसे कुणाला ठाऊक नसलेले. त्यांचं पुस्तक निघणार आहे. प्रत्येक जिल्ह्यातून एक जण बारा खेळ गोळा करून देणार आणि ज्याचं काम सर्वांत चांगलं त्याला संस्थेत कायमची नोकरी. सोलापूर जिल्ह्यासाठी कॉलेजातल्या आमच्या बाईंनी माझं नाव कळवलं. मुदत दहा सप्टेंबरची.

आप्पा मिलमधून आल्यावर त्यांना तक्ता वाचून दाखवला. ते म्हणाले, बी. ए. झालीस ती पोरांचे खेळ मोजायला का? पण म्हणताना हसत होते. माढ्याच्या आत्यांनी त्यांच्या दिराच्या मुलासाठी मला विचारलं आहे. दिवाळीपर्यंत पुण्याचं काही झालं तर ठीक, नाहीतर माढ्याला होकार कळवायचा, असं आप्पांनी ठरवलं आहे. ते काही वाईट माणूस नाहीत. आई सुपातला तंबाखू निवडत होती.

गुरुवार, ५ ऑगस्ट

अक्कलकोटला जाऊन आले. मठामागच्या गल्लीत मुली ‘दोन जिभांचा बाजार’ खेळत होत्या. विकणारीनं फक्त कानडी बोलायचं, घेणारीनं फक्त मराठी, आणि तरी सौदा पटला पाहिजे. जिच्या तोंडून चुकून दुसरीची भाषा निघाली ती बाद. मुली घरी दोन्ही भाषा सर्रास बोलतात म्हणून तर चुकायची गंमत. मला फार आवडला. पण सातव्या कलमात काय लिहू? ‘भाषेचं ज्ञान वाढतं’ असं लिहिलं. ते खरं आहे, पण मुली त्यासाठी खेळत नव्हत्या.

रविवार, ८ ऑगस्ट

अकलूज. तिथली मुलं साखर कारखाना होतात. एक जण वजनकाटा, दोघं उसाच्या गाड्या, एक उंच मुलगा चिमणी. काटा झालेल्या मुलाला हलवून हलवून हसवायचं, तो हसला की वजन चुकलं. चिमणीला संपूर्ण खेळात काहीच काम नसतं, तरी चिमणी व्हायला भांडणं होतात. सातवं कलम पुन्हा कोरं.

मंगळवार, १० ऑगस्ट

सात खेळ झाले, पण त्यातले चार म्हणजे नाव बदललेली भातुकलीच आहे. हे काम पाहून मला कुणी पुण्याला बोलावणार नाही, हे मला दिसतं आहे.

जेवताना हे बोलून दाखवलं तर आई म्हणाली, “आमच्यातबी एक हाय की खेळ. कारखान्यात.”

मला वाटलं ती थट्टा करते आहे. आई सतरा वर्षं विडी कारखान्यात जाते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा सूप मांडीवर घेऊन विड्या वळते. मी विचारलं, दिवसभर काम करता, मग खेळता कधी?

“काम करतानाच. त्वांड रिकामंच आसतंय न्हवं?”

सतरा वर्षांत हे तिनं घरी एकदाही सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

बुधवार, ११ ऑगस्ट

कारखान्याचे मॅनेजर आबासाहेब सभ्य गृहस्थ आहेत. मला त्यांनी ‘ताई’ म्हटलं, संस्थेचं पत्र दोनदा वाचलं आणि बसायची परवानगी दिली. एकच अट घातली, काय लिहिलं ते मधून दाखवत जा. आणीबाणी आहे, आजकाल कुठं चार माणसं बसली तरी वरून विचारणा होते, असं म्हणाले. मी आनंदानं कबूल झाले. ही रोजनिशी वेगळी, आणि टिपणाच्या वहीत लपवण्यासारखं काय असणार?

लांब पत्र्याची शेड. बायका भिंतीला पाठ लावून ओळीनं बसतात. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. आईच्या ओळीत दहाजणी आहेत. मधोमध गुरम्मा, साठीच्या, अक्कलकोटकडच्या, कपाळावर भस्माचे पट्टे. मी वही उघडून प्रश्न विचारायला लागले तशा त्या म्हणाल्या, “यव्वा, ही लई इचारती की. हिला मुकी करा.”

सगळ्या हसल्या, आईसुद्धा. मग कळलं की ती शिक्षा नाही, रीतच आहे. खेळात नवी आली की तिला पहिलं सोंग मुकीचं. राज्य असलेली बाई सांगेपर्यंत तिनं एक शब्द बोलायचा नाही. फक्त ऐकायचं.

मला थोडा राग आला. पण नियम तो नियम.

शनिवार, १४ ऑगस्ट

चार दिवस तोंड मिटून बसल्यावर खेळ बराचसा समजला आहे. क्रमानं लिहिते.

खेळाचं नाव ‘वाट’. एकीवर राज्य असतं. लपाछपीत ज्याच्यावर राज्य येतं त्याला सगळ्यांना शोधत हिंडावं लागतं, तसंच इथं. राज्य हा मान नाही, काम आहे. कुठपर्यंत आलो, पुढं काय दिसतं, आडवं कोण आलं, हे सगळं तिनं सांगायचं. गुरम्मांवर अकरा वर्षं राज्य आहे. दुसरी कुणी घेत नाही, कारण इतकं कुणाला सुचत नाही.

बाकीच्या वाटसरू. प्रत्येकीचं एक सोंग, आणि ते एकदा घेतलं की जन्माचं. जमीला चोर आहे, पण फक्त खायच्या वस्तू चोरते. दगडाबाई कमरेत वाकलेल्या आहेत, त्या फौजदार. आई मोटारवाला.

अवघड काही करायचं असलं, नदी ओलांडायची, कुलूप तोडायचं, की ‘पान’ म्हणायचं आणि फडक्यातलं पुढचं पान न बघता ओढायचं. सलग निघालं तर काम फत्ते. फाटकं किंवा भोकाचं निघालं तर फसलं. सलग पान लगेच पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायचं आणि विडी वळायची. कारण सगळ्यांत पहिला नियम हा आहे की हात थांबवायचे नाहीत. हात थांबले की खेळ बंद.

वाट कधी संपत नाही. संध्याकाळी जिथं थांबतात तिथून दुसऱ्या दिवशी पुढं. मी इतका मोठा सोंगाचा खेळ कुठं पाहिला नाही, वाचला नाही. पुण्यात हा कुणालाच माहीत नसणार! आज सबंध दिवस मला आतून हसू येत होतं.

खेळातल्या वाटेवर नाका लागतो, तिथं एक चष्मेवाला नाकेदार असतो. त्याला दर आठवड्याला कुणीतरी कालव्यात ढकलतं. शेडच्या टोकाला टेबलापाशी आमचे चेकर राजेसाब बसतात, खराब विड्या बाजूला काढणं त्यांचं काम. त्यांनाही जाड भिंगाचा चष्मा आहे. मी पाणी प्यायला गेले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, आज नाकेदाराचं काय झालं. मी मुकी, म्हणून हातानं कालवा दाखवला. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “गुरम्मांना सांगा, नाकेदाराला पोहता येत नाही.”

एक खटकलं ते नोंदवते. आईची मोटार विजापूरला जाते, हैदराबादला जाते, पार दर्याच्या कडेला जाते. पण वाट माढ्याकडं वळली की ती चाक बसलं म्हणते. काल तर पान सलग निघालं होतं, तरी चाक बसलं. हा उघड नियमभंग आहे. गुरम्मांनी तो चालू दिला आणि सगळ्यांना बोरामणीवरून फिरवून नेलं.

मंगळवार, १७ ऑगस्ट

काल श्रावणी सोमवार होता, गुरम्मांचा उपास. त्यामुळे असेल, पण दोन दिवस वाटेवर सगळं वाईटच घडतं आहे. जमीला तीनदा पकडली गेली. फौजदारांचा घोडा मेला. आईची मोटार ओढ्यात अडकली ती अडकलीच. दर वेळी ‘पान’ म्हणायचं आणि पान फाटकंच. दिवसभरात सलग पानं मी बोटांवर मोजली. राजेसाबांच्या टेबलावर खराब विड्यांचा ढीग नेहमीपेक्षा मोठा होता.

खेळ म्हणून हे कंटाळवाणं होतं. सतत हरण्यात काय मजा? तक्त्यात ‘उणिवा’ असं कलम आहे, तिथं हे लिहावं लागेल.

शुक्रवार, २० ऑगस्ट

खेळ पूर्ण थांबल्यासारखा आहे. मंगळवारी संध्याकाळी गुरम्मांनी वाट एका राजाच्या वाड्यापाशी आणली. राजाच्या कोठारातलं धान्य किडकं आहे आणि राजाला ते ठाऊक नाही. वाटसरूंनी आत जाऊन त्याला सांगायचं. झालं, तीन दिवस सगळ्या दारात उभ्या! आत कुणी जातच नाही. काय बोलायचं त्याचाच खल.

जमीला म्हणते, ‘चांगलं धान्य द्या’ असं म्हणू. गुरम्मा म्हणतात, ‘द्या’ म्हणायचं नाही. ‘द्या’ म्हटलं की राजाला नाही म्हणता येतं. ‘बघा’ म्हणायचं. कोठारवाल्याचं नाव घ्यायचं नाही. कुणी एकीनं बोलायचं नाही, एक वाक्य एकीनं, दुसरं दुसरीनं. आणि आधी सगळ्यांनी एकदम हात थांबवायचे, राजा दार उघडेपर्यंत.

हे त्या रोज घोकतात. दगडाबाईंचं वाक्य दर वेळी लांबतं आणि गुरम्मा ते कापतात.

मी सगळं टिपणाच्या वहीत शब्दशः उतरवलं. दुपारी राहवलं नाही म्हणून वहीच्या पानावर लिहून आईला दाखवलं, ‘हात थांबवले तर खेळ बंद, हा तुमचाच पहिला नियम आहे.’ आईला वाचता येत नाही हे क्षणभर विसरले होते. तिनं कागद उलटसुलट बघितला आणि परत दिला. जमीलानं तो वाचला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “पढी लिखी है, पण साधी है गं ही.” मग सगळ्यांना वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही.

मंगळवार, २४ ऑगस्ट

आज आबासाहेबांना टिपणाची वही दाखवली. कबूल केलं होतं म्हणून. खरं सांगायचं तर कौतुक व्हावं असंही वाटत होतं.

त्यांनी पहिली पानं भराभर उलटली. वीस तारखेच्या पानावर थांबले. तिथं वरती मी रोजच्यासारखं लिहिलं आहे, ‘राज्य: गुरम्मावर’. खाली राजाच्या दारातलं सगळं. त्यांनी विचारलं, कारखान्यात राज्य गुरम्माचं आहे का?

मी म्हटलं, गुरम्माचं नाही, गुरम्मावर. विभक्ती वेगळी आहे. ‘चं’ म्हणजे सत्ता तिची, आणि ‘वर’ म्हणजे पाळी तिची, त्रास तिला. मुलांच्या खेळात आपण म्हणतो ना, तुझ्यावर राज्य. मी बराच वेळ समजावलं.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “ताई, लपाछपी मीही खेळलोय. ते कळलं मला. हे ‘सगळ्यांनी एकदम हात थांबवायचे’ लिहिलंय, ते हात कुणाचे, तेवढं सांगा.”

मी त्यांच्या हातातल्या वहीकडं बघितलं. राजाच्या कोठारातलं किडकं धान्य, शेडमधली फाटकी पानं, टेबलावरचा ढीग. हे सगळं मी माझ्या हातानं, शुद्ध अक्षरात, तारीखवार लिहिलं होतं. आठवडाभर तिथं बसून मला दिसलं नव्हतं. त्यांना एका वाचनात दिसलं.

वही त्यांनी परत दिली. रागावले नाहीत. म्हणाले, दिवस कसे आहेत तुम्हाला ठाऊक आहे, उद्या कुणी माझ्याकडं विचारायला आलं तर मी काय दाखवू?

बुधवार, २५ ऑगस्ट

सकाळी गुरम्मांना पान दिलं नाही. बाकी सगळ्यांना पानाची गड्डी आणि तंबाखू मिळाला आणि गुरम्मांची पाळी आली तेव्हा खिडकी बंद झाली. त्या थोडा वेळ रिकामं सूप घेऊन उभ्या राहिल्या. मग काही न विचारता घरी गेल्या. मला वाटतं त्यांना कळलं होतं.

ओळीत आज वाट पुढं सरकली नाही. मी मुकी होते, आज सगळ्याच होत्या.

शुक्रवार, २७ ऑगस्ट

गुरम्मांच्या घरी गेले. एका खोलीचं घर, त्या आणि त्यांची पोटुशी सून निंगव्वा, चार महिन्यांपूर्वी विधवा झालेली. घरात कमावणाऱ्या या दोघीच, आणि सातवा महिना लागल्यापासून निंगव्वाचं कामावर जाणं बंद झालंय. हे मला माहीत नव्हतं.

मी माफी मागायला लागले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी अजून मुकी आहे, हे त्यांच्या लक्षात होतं. मला ताक दिलं. सुनेला कानडीत काहीतरी सांगितलं, ती हसली. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

निघताना एवढंच म्हणाल्या, “वाट दारात हुबी हाय, यव्वा. तितनं माघारी येता येत न्हाई.”

सोमवार, ३० ऑगस्ट

आईला शेवटी विचारलं, माझ्यामुळं झालं ना? तिनं सूप खाली ठेवलं. घरी ती सूप क्वचित खाली ठेवते.

“त्वा खोटं काय लिवलंस का?”

नाही, म्हटलं.

“मग? लिवलंस त्ये खरंच हाय की. घाई झाली, येवढंच. आमची वाक्यं आजून पाठ न्हवती झाली.”

मी म्हटलं, मी आबासाहेबांकडं जाऊन सगळा दोष माझ्यावर घेते. मी शिकलेली आहे, माझं ऐकतील. आई म्हणाली, तू गेलीस की ते तुझ्याशी बोलतील, आमच्याशी न्हाईत. मग म्हणाली, “परवा ये कारखान्यात. मुकीच ये.”

बुधवार, १ सप्टेंबर

जसं घडलं तसं लिहिते. मन शांत आहे, त्यामुळे नीट आठवतं.

दहा वाजता आईनं कात्री सुपात ठेवली. जमीलानं ठेवली. तिचे रोजे सुरू आहेत, ओठ सुकलेले होते. मग दगडाबाईंनी, मग बाकीच्यांनी. आधी ही ओळ, मग समोरची, मग पलीकडची. शेडमध्ये कात्र्यांचा आवाज सतत असतो हे तो थांबल्यावर समजलं.

आबासाहेब दारात आले. ओळीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. म्हणाले, “ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही सांगा काय आहे ते.”

मला सगळं सांगता आलं असतं. मुद्देसूद, चांगल्या मराठीत, कदाचित त्यांना लाज वाटेल असंही. वाक्यं ओठांवर आली होती. पण मला मुकीचं सोंग दिलेलं होतं, आणि ज्यांच्यावर राज्य होतं त्यांनी ते अजून सोडवलं नव्हतं. मी खाली बघितलं. ते वाट बघत राहिले. मी बोलत नाही म्हटल्यावर त्यांना दुसरीकडं बघावंच लागलं.

जमीला म्हणाली, “साहेब, पान बघा.”

आई म्हणाली, “पंधरा दिस झालं, गड्डीत निम्मं फाटकं निगतंय. हात लावून बघा.”

दगडाबाई म्हणाल्या, “आमी कुनाचं नाव घेत न्हाय.” आणि तिथंच थांबल्या. इतकं छोटं वाक्य त्यांना पहिल्यांदाच जमलं.

पुढचं वाक्य गुरम्मांचं होतं. ते कुणी बोललं नाही. ती जागा सगळ्यांनी तशीच रिकामी सोडली आणि त्या जागेकडं बघत बसल्या. आबासाहेबांनीही तिकडं बघितलं.

तेवढ्यात राजेसाब टेबलामागून उठले. हातात खराब विड्यांची पाटी. ती आबासाहेबांच्या पायापाशी ठेवून म्हणाले की साहेब, ह्या मी माझ्या हातानं बाजूला काढल्या, पण वळणाऱ्या हातात खोट नाही, पानातच आहे. हे त्यांचं वाक्य कुणी पाठ करून घेतलेलं नव्हतं.

आबासाहेबांनी वाकून एका गड्डीतलं पान ओढलं. न बघता. उजेडात धरलं तर मधून आरपार दिसत होतं. मग दुसरं, मग तिसरं. दुपारी ती पोती परत गेली आणि दुसरी आली.

गुरम्मांबद्दल मात्र ते एवढंच म्हणाले की त्यांना पान मिळेल, पण घरी. शेडमध्ये बसायचं नाही. हा मुद्दा त्यांनी सोडला नाही. बायकांनी तो ऐकून घेतला आणि कात्र्या उचलल्या.

संध्याकाळी घरी जाताना सगळ्या वाकडी वाट करून गुरम्मांच्या दारावरून गेल्या. जमीलानं हातवारे करून सगळं सांगितलं. गुरम्मा उंबऱ्यावर विड्या वळत ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “मुकी काय बोल्ली?” आई म्हणाली, काय न्हाई. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. “मग बोल आता. सुटलीस.”



सोमवार, ६ सप्टेंबर

पुण्याचं पत्र आलं. गेल्या महिन्यात नमुना म्हणून मी ‘वाट’चे नियम त्यांना कळवले होते. संपादकांनी लिहिलं आहे, ‘आजवर आलेल्या सर्व खेळांत हा अपूर्व आहे. पुस्तकाची सुरुवात याच खेळानं करण्याचा विचार आहे. तरी प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या एका डावाचं शब्दशः टिपण, खेळाडूंची नावं, वय व कामाच्या ठिकाणासह, सोबत जोडावं. त्याविना या खेळाचा विचार करता येणार नाही. पुण्यास येण्याची तयारी ठेवावी.’

आप्पांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग शेजारी सांगून आले.

शब्दशः टिपण माझ्याकडं एकच आहे. राजाच्या दारातलं. त्याआधीची पानं म्हणजे खाली-वर झालेले तुकडे, मी तेव्हा खेळ शिकत होते. नावं बदलून पाठवावं का? पण दहाजणी, एक चेकर, एक शेड, फाटकी पानं. सोलापुरातल्या कुणीही ओळखावं. आबासाहेबांनी एका वाचनात ओळखलं, आणि पुस्तक तर वाचणाऱ्या कुणाच्याही हातात पडेल. शिवाय पोती परत का गेली अशी वरून विचारणा झाली तर राजेसाबांचं काय?

दुसरा एखादा डाव बनवून लिहिता येईल. मला जमेल. पण ‘प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या’ असं त्यांनी लिहिलं आहे, आणि मी खाली सही करायची आहे.

बुधवार, ८ सप्टेंबर

गुरम्मांना पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, काहीच पाठवू नको. त्या विडीला दोरा गुंडाळत म्हणाल्या, “खेळ दे की त्यानला. खेळ काय, कुनीबी खेळावा. पन आमी काय बोललो त्ये कशाला? त्ये आमचं बोलनं हाय, खेळ न्हवं.”

मी म्हटलं, बोलण्याशिवाय ते खेळ घेणार नाहीत, आणि मग मी पुण्याला जाणार नाही.

त्यांनी दोरा दातानं तोडला. “त्ये तुज्यावर हाय, यव्वा.” मग पुढचं पान घेतलं.

संध्याकाळी जेवणाआधी घरी एक विचित्र गोष्ट झाली. आप्पा पुण्याच्या गाडीची चौकशी करत होते. मी म्हटलं, कदाचित पुण्याचं होणार नाही. ते म्हणाले, मग माढा आहेच. त्यावर आई, जी असल्या बाबतीत कधी बोलत नाही, ताट वाढता वाढता म्हणाली, “माढ्याला पोरगी जायची न्हाय. मी गेल्तीया तितं, मला ठावं हाय.” आप्पा तिच्याकडं बघत राहिले. तिनं भाकरी मोडली आणि जेवायला बसली. हे तिच्या मनात एकाएकी कुठून आलं, मला समजलं नाही. घरात तरी ती हे कधी बोललेली नव्हती.

गुरुवार, ९ सप्टेंबर

पहाटे उठून टिपणाच्या वहीतली सतरा ते वीस तारखांची पानं आईच्या विडीच्या कात्रीनं शिवणीपाशी कापली. अंघोळीचं पाणी तापत होतं. पानं एकेक करून बंबात घातली. चांगलं अक्षर होतं.

मग तक्ता भरला. मधल्या रविवारी गोळा केलेले चार खेळ धरून ‘वाट’ बारावी. नियम सगळे लिहिले, पान ओढायचा, सोंग न बदलण्याचा, नव्या खेळाडूला मुकी करायचा. ठिकाण, ‘सोलापूर जिल्हा’. खेळाडूंच्या नावांपुढे एक आडवी रेघ. नमुन्याच्या डावापुढे पानभर जागा होती. तिथं मधोमध दोन शब्द लिहिले, ‘खेळून पाहावा’, आणि खाली सही केली.

कॉलेजातल्या बाईंना वेगळं पत्र लिहिलं की तुम्ही दिलेलं काम मी पूर्ण केलं आहे, पण त्यांना हवं होतं तसं नाही. कारण लिहिलं नाही.

साडेनऊला पोस्टात गेले. कारकुनानं पाकीट तोललं, तिकिटं लावायला दिली, शिक्का मारला आणि मागच्या थैलीत टाकलं. थैलीचं तोंड माझ्यासमोर बांधलं. ते बघूनच मी घरी आले.